गोल ताटं

रुपराव दरवर्षी अखजीला काटोलहून यायचा तो रिकाम्या हाताने. अक्षय तृतीयेला पितर म्हणून जेवायला बसणाऱ्याने यजमानाच्या घरी काही न्यायचं नसतं. या वर्षी मात्र त्याच्या हातात कापडी पिशवी होती आणि नागपूरजवळच्या बेसातल्या घराच्या फाटकातून आत येताना ती त्याने पाठीमागे धरली होती. नवऱ्याच्या नावाने पितर म्हणून बसणाऱ्या या जुन्या मित्राची पिशवी सुभद्राबाईंच्या नजरेतून सुटली नाही. गेला आठवडाभर त्यांच्या नजरेतून काहीच सुटत नव्हतं. कोण कोणाशी हळू बोलतं, कोणाच्या येण्याने कोण गप्प होतं, कोण मोबाइल घेऊन गच्चीवर जातं.

"काय आहे गा पिशवीत?"

"आधी पाणी तं पाजा वहिनी. बसमंदी जीव भाजून निघाला."

दोन तांबे पाणी पिऊन झाल्यावर त्याने पिशवीतून ताट काढलं. स्टीलचं, गोल, जाड काठाचं. काठाच्या आत अक्षरं कोरलेली होती : कै. चंद्रभान महादेवराव डांगोरे यांच्या स्मरणार्थ.

"म्हटलं, घरचं ताट काढून पाहावं," रुपराव म्हणाला. "पेपरातलं अन् हे एकच आहे काय. माह्या घरी याच्यात कोंबड्याइले दाणे टाकते सून. माफ करजा वहिनी. चंद्रभान असता तं हसला असता."

सुभद्राबाई हसल्या नाहीत. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. नवऱ्याच्या तेरवीआधी दोन्ही मुलांना इतवारीच्या भांडेबाजारात त्यांनीच पाठवलं होतं. पातळ ताट आणू नका, दोन वर्षांत पिचकतं, असं बजावून. दुकानदाराने कोरायचं मशीन लावलं आणि प्रेमानंद कंटाळून बाहेर उसाचा रस प्यायला गेला, सुशील मात्र शेवटचं ताट कोरून होईपर्यंत तिथेच उभा राहिला, असं नंतर कितीतरी वेळा बोलण्यात आलं होतं. धाकटा कसा आणि थोरला कसा, हे त्यावरून ठरवायची नातेवाइकांना सवयच लागली होती. तेरवीला आलेला प्रत्येक जण एकेक ताट घेऊन गेला. उरलेली ताटं त्यांनी जुन्या लोखंडी पेटीत ठेवली. पेटीची किल्ली कमरेला.

आणि आता तीच ताटं विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या मेससमोर होती. आफ्रिकेतून शिकायला आलेली मुलं दारात बसली होती, प्रत्येकाने आपापलं ताट फोटोवाल्यांकडे धरलं होतं, आणि त्यावरचं नाव साऱ्या नागपूरने वाचलं होतं. मुलं सांगत होती, दिवाळीपासून आम्हालाच गोल ताट देतात, बाकीच्यांना खणांचं. आमची ताटं वेगळ्या टबात धुतात. मेसचं कंत्राट सुशीलचं होतं. पेपरवाल्यांना तो म्हणाला, आमच्या मेसमध्ये अशी ताटंच नाहीत, त्यांनीच बाहेरून कोरून आणली.

"काटोलात घरोघरी हे ताट आहे," रुपराव म्हणाला. "कोणं ऐकावं त्याचं?"

"म्हणून आता तो दुसरं सांगून राहिला."

"काय?"

सुभद्राबाईंनी घराकडे पाहिलं आणि ताट परत पिशवीत घातलं. "पाय धुऊन घ्या. स्वयंपाक होतच आला."

समोरच्या खोलीत कूलर लावून दोघे भाऊ बसले होते. प्रेमानंद सकाळीच संत्र्याचा बगिचा गड्यांवर सोडून आला होता आणि येताना मोठ्या भावाला काय काय सुनवायचं ते त्याने मोटरसायकलवर पाठ केलं होतं. त्यातलं बरंचसं सुनावूनही झालं होतं.

"बाजार समितीत लोक मले ताटवाला म्हणून राहिले, भाऊ. निवडणुकीचा फॉर्म भरायच्या आधीच नाव पडलं. तुही मेस, तुही कमाई, अन् बदनामी माही?"

"कमाईचं नको काढू. मी काय सांगतो ते ऐक." सुशीलने खुर्ची जवळ ओढली. "ताटं हर्षानं नेली."

प्रेमानंदला वाटलं, कूलरच्या आवाजात आपण चुकीचं ऐकलं.

"आपली हर्षा? तुही पोरगी?"

"तिच्या वर्गात नाही ती पोट्टी, पण मैत्रीण आहे. नीमा. टांझानियाची. फार्मसीला आहे. तिनं हिले फूस लावली. पेटीतून ताटं नेली, अन् बसल्या दारात नाटक करत. काल मी वॉर्डनसाहेबांना स्पष्ट सांगून आलो."

"तू सांगून आला? पोरीचं नाव?"

"पोरीले काही होत नाही. तिनं फक्त लिहून द्यायचं, मले नीमानं आणायला लावली म्हणून. उद्या विद्यापीठाची चौकशी समिती बसून राहिली. नीमाले काढतील वसतिगृहातून, कॉलेजातून. मग व्हिसा राहत नाही, जाईल आपल्या देशात. विषय संपला."

प्रेमानंदने भावाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. सुशील डावा अंगठा उजव्या तळहातावर घासत होता. लहानपणी शाळेतून फीचे पैसे हरवून आला तेव्हाही असाच घासत होता, आणि ते हरवलेले नव्हते. प्रेमानंदला हे आठवलं, तरी त्याच्या मनात दुसरंच गणित सुरू झालं होतं. पोरीचा खेळ म्हटलं तर लोक चार दिवसांत विसरतात. डांगोऱ्यांनी माणसांना वेगळं जेवू घातलं, हे कोणी विसरत नाही. कोणती गोष्ट खरी, हे विचारायची त्याला आता घाई उरली नाही.

"ती लिहून देईल?" त्याने विचारलं.

"आज सगळे मिळून समजावू. आपली माय बोलली तं ऐकते ती."

"मी पण बोलतो," प्रेमानंद म्हणाला, आणि आपण सकाळपासून काय बोलत होतो ते स्वतःच विसरून गेल्यासारखा उठून पानं मांडायला गेला.

स्वयंपाकघरात कामिनी पुरणपोळ्या करत होती. पाठीमागे हर्षा केव्हा येऊन उभी राहिली ते तिला कळलं, पण तिने मान वळवली नाही.

"आई, रस गाळू?"

"गाळला."

"कुरडया?"

"तळून झाल्या."

"मग एवढंच सांग. पेटीतून ताटं कोणी काढली?"

कामिनीने पोळी उलटली. जरा लवकरच उलटली, पुरण तव्याला लागलं.

"मले काय विचारतं? तुह्या बाबांनी सांगतलं ना सगळ्यांना."

"बाबांनी माझं नाव सांगितलं. तुला खरं वाटतं?"

"तू हल्ली घरात सांगून काय करतं? दिवसभर तिकडं गेटवर. कोणासोबत बसते, काय खाते..."

"काय खाते म्हणजे? तूपण तेच विचारणार?" हर्षाचा आवाज चढला, मग तिने तो दाबला. बाहेर काका पाट मांडत होता. "मी महिन्याभरापूर्वी मेसमध्ये गेले होते, नीमाने जेवायला बोलावलं म्हणून. काउंटरवरच्या माणसाने मला खणांचं ताट दिलं. तिला गोल. ती हसून म्हणाली, हमको तो व्हीआयपी प्लेट मिलता है. खरंच तसं वाटत होतं तिला, आई. तोपर्यंत त्यांना सगळ्यांनाच वाटत होतं, पाहुण्यांचं ताट आहे म्हणून. मग तिने त्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, ये क्या लिखा है? रिझर्व्ह्ड? आणि मी वाचलं."

कामिनी तव्याला लागलेलं पुरण खरवडत राहिली.

"आजोबांचं नाव मी मोठ्याने वाचलं. ती माझ्याकडे बघत राहिली. हेच आडनाव माझं आहे, हे तिला माहीत होतं. आता गेटवर मी बसले तरी ती माझ्या बाजूला बसत नाही. दुसऱ्या मुलांनी विचारलं तिला, ये कॉन्ट्रॅक्टर की लड़की को कौन भेजा? वसतिगृहातल्या बाकी पोरांनी तर सांगून टाकलं, आम्ही काही पाहिलंच नाही. सहा महिने त्याच रांगेत उभे होते सगळे!"

"हळू बोल."

"उद्या ती जाणार आई. शेवटचं वर्ष आहे तिचं."

कामिनीने तवा उतरवला. दिवाळीच्या आधीची ती दुपार तिला लख्ख आठवत होती. सुशील म्हणाला होता, जाड ताटं काढून दे, बाहेरदेशची पाहुणी पोरं आहेत, त्यांना चांगलं ताट पाहिजे. आईला नको सांगू, उगाच शंभर प्रश्न विचारेल. म्हणून तिने कुरडयांचा डबा काढायचा आहे असं सांगून सासूकडून किल्ली घेतली. ताटं स्वतः घासली, पुसली, जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून गाडीत ठेवली. नंतर एका रात्री जेवताना सुशील सहज म्हणाला, आता पालकांचे फोन येत नाहीत. आमच्या पोरांना त्यांच्या उष्ट्या ताटात वाढता, असं म्हणत होते, आता बंद झालं. त्या रात्री तिला सगळं कळलं. तिने त्याला विचारलं होतं, अजून एक पोळी वाढू का?

"पान वाढायला घे," ती हर्षाला म्हणाली. "पितर खोळंबले."

पळसाच्या पत्रावळीसमोर रुपराव पाटावर बसला. बाजूला नवी घागर, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि दोन आंबे. सुशीलने त्याचे पाय धुतले, गंध लावलं. गोवरीच्या निखाऱ्यावर तुपाचा घास टाकला आणि धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरले.

डांगोऱ्यांच्या घरात पितराचं जेवण संपेपर्यंत त्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारत नाहीत. चंद्रभानरावांचे वडील गेल्यावर सोनेगावचा एक तेली म्हातारा यायचा. त्याला चंद्रभानराव चारचौघांत बाबा म्हणत, आणि जेवण झाल्यावर बाहेर बसून त्याच्याशी तेलाच्या भावावरून भांडत. सुभद्राबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांना हे पाहून हसू आवरलं नव्हतं.

सुशीलने हात जोडले. "बाबा, जेवा."

रुपरावने पुरणपोळीचा तुकडा मोडला, रसात बुडवला आणि परत पत्रावळीवर ठेवून दिला.

"जेवतो. पहिले एक सांग. माह्या नावाची ताटं पेटीतून कोणं काढली?"

सुशील हसला. "काका, हे आता काय मधात..."

"काका कोण? रुपराव तिकडं काटोलले आहे. तू आत्ता मले बाबा म्हटलं का नाही?"

"म्हटलं."

"मंग बापाले सांग."

प्रेमानंद पुढे सरकला. "बाबा, हर्षानं नेली. लहान आहे, चुकलं तिचं. ती लिहून देऊन राहिली उद्या..."

"मी काहीच लिहून देणार नाही," हर्षा म्हणाली. "मी पेटीला हातही लावला नाही."

"तुले विचारलं नाही प्रेमानंद," रुपराव म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. चंद्रभानरावांचाही चढत नसे, आणि नेमकं त्यामुळेच खोलीत चुळबुळ सुरू झाली. "पेटीची चाबी कोणापाशी असते?"

"माह्यापाशी," सुभद्राबाई म्हणाल्या.

"कोणाले दिली होती?"

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. सुशीलच्या डोळ्यांत विनवणी होती. प्रेमानंदच्या डोळ्यांत, बोलू नको, असं. सुभद्राबाईंनी कोणाकडेच पाहिलं नाही. किल्ली कोणाला दिली ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डबा काढायला गेलेली सून रिकाम्या हाताने परत आली होती आणि त्यांनी विचारलं नव्हतं. आठवडाभर त्या वाट पाहत होत्या, ती स्वतः बोलते का.

"ज्याले दिली त्याले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी नाव नाही घेणार."

रसाची वाटी हातात घेऊन कामिनी दाराशी उभी होती. सणाचं लुगडं नेसलेली. सासरे जिवंत असताना त्यांच्यासमोर ती एक वाक्यसुद्धा सरळ बोलली नव्हती. हवं-नको ते सुभद्राबाईंमार्फत विचारायचं, अशीच त्या घराची रीत. तिने वाटी खाली ठेवली आणि डोक्यावरून पदर घेतला.

"मामाजी, मी काढली."

"कामिनी!" सुशील ओरडला.

"यांनी मागितली. मीच घासून गाडीत ठेवली. हर्षा तवा कॉलेजात होती. तिले काही माहीत नव्हतं. कशासाठी पाहिजे तेही मले माहीत नव्हतं. मंग माहीत झालं. तवा मी बोलली नाही."

गोवरीतला निखारा तडतडला. प्रेमानंदने हळूच मोठ्या भावापासून आपला पाट दूर सरकवला. हर्षाने ते पाहिलं. मघाशी हाच काका तिला समजावणार होता.

"हो, नेली मी!" सुशील उठून उभा राहिला. "मग? रोज पालकांचे फोन. आमची पोरं त्या काळ्यांच्या ताटात जेवणार नाहीत, मेस बदलून टाकू. मेस गेली असती तं या घरात काय शिजलं असतं? मी त्यांना उपाशी ठेवलं काय? शिवी दिली काय? तेच वरण, तोच भात. मी भेद नाही केला, सोय केली!"

"मग पेपरात खोटं कशाला सांगितलं?" हर्षा म्हणाली.

"तू चूप राय! अन् बाबांचं नाव खराब झालं म्हणून कोण रडून राहिलं इथं? बाबांनी काय केलं होतं? बगिच्यातल्या मजुरांचा कप गोठ्याच्या खुंटीले नव्हता काय? वेगळा? पाह्यला ना तू, प्रेमानंद? बोल!"

"बाबांचं नाव नको काढू," प्रेमानंद पुटपुटला.

"काढू दे," सुभद्राबाई म्हणाल्या. "होता कप. कान तुटलेला. मी वरून चहा ओतायची, ते पिऊन धुऊन परत टांगत. खोटं नाही बोलत तो." हर्षा त्यांच्याकडे पाहत होती. तिच्या मनातला आजोबा वेगळा होता, हे त्यांना ठाऊक होतं. "मी काही त्यांना देव म्हणून नाही सांगून राहिली. पण सुशील, तुह्या बापानं असं कधी नाही म्हटलं, का हा कप माह्या घरचा नाही. मजुरानंच आणून खुंटीले टांगला, असं नाही म्हटलं त्यानं. अन् त्याच्यासाठी आपल्या पोरीचं नाव नाही पुढं केलं."

सुशीलने रुपरावकडे पाहिलं. "बोला ना. बाबा आहे ना तुम्ही आज?"

"कप होता," रुपराव म्हणाला. पत्रावळीकडे पाहत. "त्याचं उत्तर माह्यापाशी नाही. चंद्रभानापाशीही नसतं."

तो उठला नाही आणि जेवलाही नाही. पितराने घास घेतला नाही म्हणजे बाकीच्यांचंही जेवण थांबलं. पोळ्या निवत चालल्या होत्या.

"ठीक आहे," सुशील शेवटी म्हणाला. आता त्याचा आवाज मऊ झाला होता आणि कामिनीला तो मोठ्या आवाजापेक्षा जास्त ओळखीचा होता. "घरातलं घरात झालं. सगळ्यांना कळलं. आता बाहेर कोणी काही बोलायचं नाही. मी वॉर्डनसाहेबांना सांगतो, हर्षाचं नाव मागं घेतो. म्हणतो, कोणं नेली माहीत नाही. बस?"

"आणि नीमा?" हर्षाने विचारलं.

"समिती पाहून घेईल."

"म्हणजे जाईलच ती."

"जाईल तं जाईल! तू काहून तिच्यासाठी घर जाळून राहिली?"

हर्षा आईकडे वळली. "तू आत्ता आजोबांना सांगितलं. मला नको, आजीला नको, आजोबांनाही नको. हे नीमाला सांग."

"मी? तिच्याशी? मले इंग्रजी..."

"हिंदी येते तिला. बाजारातली येते. तुझ्यासारखीच."

तिने नंबर लावला आणि स्पीकर सुरू करून मोबाइल आईसमोर धरला. बराच वेळ रिंग वाजली. कामिनीला वाटलं, उचलूच नये. मग आवाज आला, दमलेला, मागे खूप माणसांचा गलका.

"हर्षा. क्या है अब?"

"बेटा, मैं हर्षा की मम्मी बोल रही."

पलीकडे गलका दूर गेला. ती उठून बाजूला गेली असावी.

"आपको किसने बोला फोन करने को? अंकल ने?"

"नहीं. किसी ने नहीं."

"वॉर्डन आपके बाजू में है?"

"नहीं बेटा. घर में हैं. त्योहार है हमारा."

"त्योहार," नीमा म्हणाली. एवढंच. कामिनीला कळलं की ती वाट पाहते आहे, आणि तिच्याकडून माफी मागवून मग कशावर तरी सही करायला सांगतील, असंच तिला वाटतं आहे.

"वो प्लेट," कामिनी म्हणाली, "वो मेरे घर का है. मैंने पेटी से निकाला. मेरे मिस्टर मेस में लेके गए. तुम लोगों के लिए, अलग. हर्षा ने नहीं दिया. तुमने नहीं मंगाया."

सुशीलने मोबाइलकडे हात टाकला. प्रेमानंद मधे बसला होता. त्याने वर न पाहता भावाचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं.

"आंटी," नीमाचा आवाज आता जवळून आला. "हमको पहले भी लोगों ने फोन पे बोला, हम साथ है. फिर कमिटी में बोले, हमको नहीं मालूम. मैं रिकॉर्डिंग कर रही हूँ. चलेगा?"

कामिनीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, नाही, नाही, अशी. रुपराव पाटावर तसाच बसला होता.

"चलेगा," कामिनी म्हणाली.

"पहले आपका पूरा नाम बोलो. फिर सब शुरू से. धीरे."

"कामिनी सुशील डांगोरे," ती म्हणाली, आणि पहिल्यापासून, सावकाश सांगू लागली.